१९ फुटांचा पहिलवान आणि रस्त्याचा हिशेब

अमेरिका म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क उभे राहते. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते त्याच शहरातले. त्यामुळे आम्हीही तेच चित्र मनात घेऊन विमानात बसलो. परंतु आमचे विमान उतरले शिकागोला, आणि तिथून गाडीने आम्ही जिथे पोहोचलो तिथे उंच इमारती नव्हत्या. जिकडे पाहावे तिकडे मका आणि सोयाबीन. आमच्या सौ. गाडीच्या काचेतून बघत म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या गावाकडचेच शिवार दिसते. फक्त बांध कुठे दिसत नाही."

आमच्या थोरल्या बहिणीने शिवणकाम करून ज्या मुलाला शिकविले, तो आमचा भाचा इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन या शहरात संगणकाच्या कामावर आहे. त्यानेच तिकिटे पाठविली. वीस वर्षांच्या नोकरीत साठविलेली अर्जित रजा आम्ही कार्यालयातून मंजूर करून घेतली आणि निघालो. मोठ्या शहरांच्या सहली पुष्कळांनी केल्या आहेत व लिहिल्याही आहेत. म्हणून आज आम्ही वाचकांना एका लहानशा गावाला नेणार आहोत. गावाचे नाव अटलांटा. जॉर्जिया राज्यातले, मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव असलेले मोठे अटलांटा निराळे. हे इलिनॉयमधले अटलांटा, वस्ती अवघी सोळा-सतराशे. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला कुणी सहलीला जात नाही. इथे मात्र दूरदूरच्या देशांतून लोक येतात. कशासाठी येतात, तेच सांगण्यासारखे आहे.

रस्ता मोठा झाला आणि मोडीत निघाला

हे गाव '६६ क्रमांकाचा मार्ग' म्हणून जगभर गाजलेल्या रस्त्यावर आहे. या रस्त्याला १९२६ साली क्रमांक मिळाला. शिकागोपासून पॅसिफिक महासागराकाठच्या सांता मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून जाणारा सुमारे ३,९०० किलोमीटरचा हा मार्ग. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेले शेतकरी आपली चंबूगबाळी मोटारीवर बांधून याच वाटेने कॅलिफोर्नियाकडे पोट भरायला गेले. नंतर मोटारी वाढल्या, सुट्टीत फिरणारी कुटुंबे वाढली. रस्त्याकडेच्या गावांत पेट्रोल पंप, खानावळी, मुक्कामाच्या खोल्या उभ्या राहिल्या. गावाचा संसार रस्त्यावर चालू लागला.

मग रुंद, वेगवान आंतरराज्य महामार्ग आले. इलिनॉयमध्ये ५५ क्रमांकाच्या महामार्गाने ही गावे बाजूला टाकली. १९८५ साली तर '६६' हा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. बायपास झाला की जुन्या नाक्यावरच्या हॉटेलांचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. गिऱ्हाईक समोरून भरधाव निघून जाते आणि मालक दारात बसून राहतो. अटलांटाचेही तेच झाले. अशी कित्येक गावे मिटली. अटलांटा मात्र टिकले, कारण त्याने आपल्या जुन्या वस्तू फेकल्या नाहीत.

डबा बांधून प्रवास

ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही पाच जण निघालो. आम्ही दोघे, भाचा, भाचेसून आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. सौ.नी पहाटे उठून पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. भाचा हसला. म्हणाला, "मामी, तिथे सगळे मिळते. डबा कशाला?"

"मिळते रे," सौ. म्हणाल्या, "पण पाच जणांचे बिल बघितले की घास घशाखाली उतरत नाही."

ब्लूमिंग्टनपासून अटलांटा तीसेक किलोमीटर. मोठा महामार्ग टाळून आम्ही जुन्या रस्त्याने गेलो. वाटेत फंक्स ग्रोव्ह नावाची झाडी लागली. तिथे मेपल झाडांचा गोड रस आटवून पाक करतात आणि १८९१ पासून विकतात. आपल्याकडे उसाचा रस आटवितात तसाच प्रकार, फक्त झाडाला भोक पाडून रस गोळा करायचा. पुढे मॅक्लीन लागले आणि त्यापुढे अटलांटा. गावाची पाण्याची टाकी लांबूनच दिसते. ती पिवळी रंगविली असून तिच्यावर हसरा चेहरा काढलेला आहे. नातीने टाळ्या पिटल्या.

सॉसेजवाला पहिलवान

गावात शिरलो आणि रस्त्याच्या कडेला तो उभा होता. उंची १९ फूट, लाल सदरा, दणकट दंड आणि दोन्ही हातांत एक भलामोठा 'हॉट डॉग', म्हणजे लांबट पावात घातलेले सॉसेज. हा अमेरिकन लोककथेतला राक्षसी ताकदीचा लाकूडतोड्या पॉल बनियन. आपल्याकडे भीमाच्या ताकदीच्या गोष्टी सांगतात, तशा तिकडे याच्या सांगतात.

१९६२ साली कॅलिफोर्नियातील कारागिरांनी ॲरिझोना राज्यातल्या एका खानावळीसाठी फायबरग्लासचा असा पहिला पुतळा केला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. त्यानंतर त्याच साच्यातून शेकडो पुतळे निघाले. ज्याने त्याने आपल्या धंद्याप्रमाणे हातातली वस्तू बदलली. टायरवाल्याने टायर दिला. मोटारीच्या सायलेन्सरवाल्यांनी सायलेन्सर दिले, त्यावरून या सगळ्या पुतळ्यांना 'सायलेन्सरवाले' अशा अर्थाचे नाव पडले. म्हणूनच सगळ्यांचा एक पंजा वर आणि एक खाली वळलेला असतो. मूळची पकड कुऱ्हाडीची!

नातीने पुतळ्याच्या बुटावर टकटक केले आणि जाहीर केले, "आजोबा, हा आतून पोकळ आहे." आम्ही म्हणालो, "बाळ, पुष्कळ मोठी माणसे तशीच असतात." भाचेसून तोंडाला पदर नसल्यामुळे ओढणी लावून हसली.

हा पहिलवान मूळचा अटलांटाचा नव्हे. शिकागोला लागून असलेल्या सिसेरो या गावात, याच ६६ क्रमांकाच्या रस्त्यावर, १९६० च्या दशकात सुरू झालेल्या एका खाद्यगृहासमोर तो अनेक वर्षे उभा होता. ते दुकान बंद झाल्यावर २००३ साली तो अटलांटात आणला गेला. दुसऱ्याच्या अंगणातली निकामी वस्तू या गावाने सन्मानाने आपल्या चौकात उभी केली. २०२४ साली तर गावात अशा पुतळ्यांचे संग्रहालयच सुरू झाले. जुन्या पेट्रोल पंपासारखी इमारत बांधली आणि बाहेर अशाच उंच मूर्ती ठेवल्या.

जाळायला काढलेले कोठार

पुतळ्यापेक्षाही आमचे मन ज्यावर बसले ते म्हणजे रुळाच्या बाजूचे लाकडी धान्य कोठार. हे हॉज यांचे कोठार १९०३-०४ च्या सुमारास बांधले गेले. एक वृद्ध स्वयंसेवक आम्हाला आत घेऊन गेले आणि भाच्याने त्यांचे बोलणे आम्हाला समजावून सांगितले.

शेतकरी धान्याची घोडागाडी घेऊन उतरणीवरून आत यायचा. प्रथम भरलेल्या गाडीचे वजन. मग गाडीचे तोंड वर उचलून धान्य खालच्या खड्ड्यात ओतायचे. मग रिकाम्या गाडीचे वजन. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा माल. खड्ड्यातले धान्य वर नेण्यासाठी पट्ट्याला लावलेले लहान लहान डबे. ते बघताच सौ. म्हणाल्या, "हे तर रहाटगाडगे!" अगदी तसेच. फक्त पाण्याऐवजी मका आणि ओट. वर पोहोचलेले धान्य वेगवेगळ्या कप्प्यांत सोडायचे आणि रेल्वेचा डबा आला की नळीने त्यात भरायचे. यंत्र चालविणारे इंजिन मात्र बाजूच्या वेगळ्या खोलीत. कारण धान्याची बारीक धूळ हवेत भरली की एका ठिणगीने भडका उडतो आणि लाकडी कोठार बघता बघता राख होते.

हे कोठार १९७६ पर्यंत वापरात होते. नंतर ते ओस पडले. १९८८ साली नगरपालिकेने ते घेतले, ते अग्निशमन दलाला सराव मिळावा म्हणून जाळून टाकण्याच्या विचाराने! तेव्हा गावातले काही लोक पुढे आले. हे पाडू नका, जाळू नका, आमच्या बापजाद्यांनी इथे धान्य वाहिले आहे, असा त्यांचा आग्रह. त्यांनी वर्गणी काढली, श्रमदान केले. १९९१ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत कोठाराचे नाव गेले. वाचकहो, हा राजवाडा नाही, किल्ला नाही. हे घामाचे ठिकाण आहे, आणि तेही इतिहासात बसते.

गावाचे ग्रंथालय १९०८ सालचे, आठ कोनांचे, दगडी. त्याच्या शेजारी घड्याळाचा मनोरा आहे. ते घड्याळ जुन्या शाळेचे. शाळा पाडली, पण घड्याळ जपून ठेवले. गावकरी पाळीपाळीने त्याला हाताने चावी देतात. त्याशिवाय १९३४ साली सुरू झालेले 'पाम्स ग्रिल' नावाचे खाद्यगृह. तिथे लांब पल्ल्याची बस थांबायची. उतारू असला की बाहेरचा दिवा लावायचा, म्हणजे चालकाला कळायचे. १९६० च्या दशकात ते बंद पडले. गावाने इमारत दुरुस्त केली आणि २००९ साली तिथे पुन्हा चूल पेटली.

डबा उघडल्यावर निघालेली गोष्ट

दुपारी पहिलवानाच्या समोर सावलीत बाकावर बसून आम्ही डबा उघडला. समोर त्याच्या हातात सॉसेज, आमच्या हातात पोळी. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, आपण पैसे वाचवायला डबा आणला. पण माझ्या कार्यालयात एक कृष्णवर्णीय सहकारी आहेत. त्यांची आजी याच रस्त्याने प्रवास करायची. ती बुटांच्या खोक्यात जेवण भरून न्यायची. कारण वाटेतली खानावळ आपल्याला वाढील की नाही, याचा भरवसा नसायचा."

आमचा घास हातातच राहिला.

ज्या रस्त्याचे 'मोकळा रस्ता, स्वतंत्र प्रवास' म्हणून गोडवे गातात, तो सर्वांना सारखा मोकळा नव्हता. या रस्त्यावरच्या ८९ जिल्ह्यांपैकी ४४ जिल्ह्यांत १९३० च्या सुमारास कृष्णवर्णीयांना सूर्य मावळल्यानंतर थांबण्याची बंदी असलेली गोऱ्यांची गावे होती, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. वेशीवर पाटी, किंवा नुसती दहशत. पेट्रोल भरून घ्यायचे, पण संडास वापरू द्यायचा नाही. पैसे घ्यायचे, पण टेबलावर बसू द्यायचे नाही.

यातून वाट काढली ती एका साध्या पोस्टमनने. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली एक लहानशी पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावी मुक्काम मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे मोटार दुरुस्त होईल, त्यांचे पत्ते तिच्यात होते. दरवर्षी नवी आवृत्ती, नवे पत्ते. अटलांटाच्या पुढे याच रस्त्यावर स्प्रिंगफिल्ड हे राज्याचे राजधानीचे शहर आहे. तिथले हॉटेल मिळाले नाही तर राहायचे कुठे? ग्रीन यांच्या पुस्तिकेत स्प्रिंगफिल्डमधल्या घरांचे पत्ते होते आणि त्यांतील बहुतेक घरे बायकांच्या नावावर होती. आपल्या घरातली एक खोली झाडून, स्वच्छ अंथरूण घालून या माउल्यांनी अनोळखी कुटुंबांना आसरा दिला. समाजकार्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते? एक कारकून म्हणून आम्हाला त्या पोस्टमनचा फार अभिमान वाटला. रोजची नोकरी सांभाळून, पत्ते गोळा करून, त्याने हजारोंचा प्रवास निर्धोक केला.

१९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलात, खानावळीत रंगावरून मज्जाव करणे बेकायदेशीर ठरले. आपल्या पुस्तिकेची गरज उरणार नाही असा दिवस यावा, ही ग्रीन यांची इच्छा होती. ते १९६० मध्येच वारले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुस्तिका बंद झाली.

बुटाच्या खोक्यातले ते जेवण ऐकताना आम्हाला मसूरचे स्टेशन आठवले नसते तरच नवल. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसह वडिलांकडे निघाले होते. जात कळल्यावर गाडीवाले येईनात. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून निघाले. जवळ जेवण होते, पण पाणी कुणी देईना. भरलेला डबा असून मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. देश वेगळा, कारण वेगळे, पण डबा तोच.

पहिलवानाच्या जुन्या गावी

भाच्याने पुढे सांगितले ते अधिकच जिव्हारी लागले. ज्या सिसेरो गावात हा पहिलवान पूर्वी उभा होता, तिथे १९५१ च्या जुलैत हार्वे क्लार्क नावाच्या बसचालकाने भाड्याने घर घेतले. महायुद्धात सैन्यात राहून आलेला, पदवीधर माणूस, पत्नी आणि दोन मुले. फक्त रंग काळा. सुमारे चार हजारांचा जमाव जमला. खिडकीतून सामान खाली फेकले, जाळले, इमारत उद्ध्वस्त केली. राज्यपालांना सैन्य बोलवावे लागले. आणि न्याय? पहिल्यांदा आरोप ठेवले गेले ते दंगलखोरांवर नव्हे, तर क्लार्क यांच्या बाजूच्या वकिलावर, घरमालकिणीवर आणि घर मिळवून देणाऱ्यांवर! पुढे ते आरोप टिकले नाहीत. १९६६ च्या सप्टेंबरात दोन-अडीचशे माणसांनी घराच्या हक्कासाठी त्याच सिसेरोतून मोर्चा काढला, तोही सैन्याच्या बंदोबस्तात.

यात त्या पोकळ पुतळ्याचा दोष नाही, दुकानदाराचाही नाही. पण तो लाल सदऱ्यातला हसरा पहिलवान ज्या रस्त्यावर सॉसेज विकत उभा होता, त्याच गावात एका कष्टकरी माणसाला डोक्यावर छप्पर मिळत नव्हते. सौ. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाटीवर हे लिहिले पाहिजे. पोरांना नुसता पुतळा दाखवून कसे चालेल?"

सौ.चे म्हणणे तिकडे काही ठिकाणी खरे होत आहे. स्प्रिंगफिल्ड हे अब्राहम लिंकन यांचे गाव. तिथे १९०८ च्या ऑगस्टमध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली, दोघांना झाडावर लटकाविले. त्या घटनेतून पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी 'एनएएसीपी' ही संघटना जन्मली. २०२४ साली त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. त्याच शहरात एका जुन्या पेट्रोल पंपात ६६ क्रमांकाच्या रस्त्यावरील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे छोटे संग्रहालय उभे राहिले आहे. आपल्या लाजेचीही जागा राखून ठेवायला धैर्य लागते.

जमा आणि खर्च

आम्ही बी.कॉम. झालेला माणूस. आम्हाला इतिहास हिशेबाच्या वहीसारखा वाटतो. नुसती जमेची बाजू लिहिलेली वही म्हणजे हिशेब नव्हे. अटलांटा गावाने जमेची बाजू सुंदर राखली आहे: कोठार, घड्याळ, ग्रंथालय, बसचा दिवा. त्याच रस्त्याची दुसरी बाजू बुटांच्या खोक्यात, पोस्टमनच्या पुस्तिकेत आणि त्या बायकांच्या खोल्यांत आहे. दोन्ही पाने एकत्र शिवली तरच रस्त्याचा इतिहास पूर्ण होतो.

ही गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. त्या गावच्या लोकांनी राजांचे काही जपले नाही, कारण त्यांच्याकडे ते नव्हतेच. त्यांनी वजनकाटा जपला. आपल्याकडे काय आहे? आजोबांचे गिरणीतले ओळखपत्र आहे. आजीची पत्र्याची पेटी आहे. वस्तीतल्या पहिल्या वाचनालयाची वर्गणीची वही आहे. पहिल्यांदा मॅट्रिक झालेल्या मुलीचा फोटो आहे. घर रंगवायला काढले की आपण हे सारे भंगारवाल्याला देतो. पुढच्या वेळी देण्याआधी थांबा. एका कागदावर लिहा: हे कुणाचे, कोणत्या सालचे, कुठले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा की प्रवासात तुम्हाला पाणी कुणी दिले आणि कुणी दिले नाही. दोन्ही नावे लिहा.

संध्याकाळी परत निघताना घड्याळाचे ठोके पडले. नात मागच्या काचेतून पहिलवानाला हात हलवीत होती. घरी आल्यावर आमच्या सौ.नी डबा घासून ठेवला आणि भाच्याला म्हणाल्या, "तुझ्या त्या सहकाऱ्यांना एकदा जेवायला बोलाव. त्यांच्या आजीची गोष्ट मला त्यांच्या तोंडून ऐकायची आहे."

पुढच्या रविवारी ते आले. पोळी-भाजी जेवले. आणि आम्ही वही-पेन घेऊन शेजारी बसलो.